लहान गावातील सेवा-मंडळ : घडण, उपक्रम आणि मर्यादा

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाजवळची पाणपोई, शाळेच्या पटांगणातील झाडांभोवतीचे कठडे किंवा स्मशानभूमीतील लोखंडी बाके पाहिली, तर त्यांवर पुष्कळदा दोहोंपैकी एक चिन्ह रंगविलेले आढळते : दातेरी चाक, अथवा विरुद्ध दिशांना पाहणारी दोन सिंहमुखे. पहिले रोटरीचे, दुसरे लायन्सचे. सर्वसामान्य नागरिकाची या संस्थांशी असलेली ओळख बहुधा या चिन्हापाशीच थांबते. ही मंडळे कोणाची, त्यांत प्रवेश कसा मिळतो, त्यांचा पैसा कोठून येतो, आणि जे काम वस्तुतः नगरपालिकेने अथवा शासनाने करावयाचे ते या मंडळींनी आपल्या अंगावर का घ्यावे, या प्रश्नांचा विचार, विशेषतः लहान गावाच्या संदर्भात, प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘सेवा-मंडळ’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने योजिला आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचे मंडळ, तालीम, भजनी मंडळ, महिला मंडळ, सहकारी पतपेढी या सर्व संस्था लोकांच्या उपयोगी पडतातच. परंतु त्यांपैकी प्रत्येकीच्या मुळाशी सदस्यांना जोडणारे एखादे पूर्वीचेच बंधन असते. कोठे ते गल्लीचे असते, कोठे उपासनेचे, तर कोठे आर्थिक हिताचे. सेवा-मंडळाचे वैशिष्ट्य असे की त्यातील माणसे मुद्दाम निरनिराळ्या धंद्यांतून निवडलेली असतात, ती ठरलेल्या वारी एकत्र जेवतात किंवा चहा घेतात, आणि त्या बैठकीतून निघणारे काम सदस्यांसाठी नसून बाहेरच्यांसाठी असते. निदान तत्त्व तरी असे आहे. हे तत्त्व प्रत्यक्षात कितपत टिकते ते पुढे पाहू.

या प्रकाराचा उगम सेवेत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह पहिली बैठक भरविली, तेव्हा त्याच्या मनात होता तो मोठ्या शहरातील एकाकीपणा. लहान गावात वाढलेल्या या गृहस्थास असे वाटे की गावात दुकानदार, वकील आणि वैद्य जसे एकमेकांस नावाने ओळखतात, तशी ओळख शहरातही निर्माण करता यावी. बैठका आळीपाळीने सदस्यांच्या कचेऱ्यांत भरत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. प्रत्येक धंद्याचा एकच प्रतिनिधी घ्यावयाचा हा नियमही आरंभीचाच होय. त्यामागील हेतू अगदी व्यावहारिक होता : सदस्यांनी आपले गिऱ्हाईक एकमेकांकडे पाठवावे, आणि एकाच धंद्यातील दोघे असल्यास होणारी स्पर्धा टळावी. कोणी कोणास किती धंदा मिळवून दिला याची नोंद ठेवण्यासाठी मंडळात एक स्वतंत्र पदाधिकारीही होता. पुढे डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलास सदस्यत्व देऊ केले असता, ज्या मंडळाचा बाहेरच्या कोणासही उपयोग नाही त्याला भवितव्य नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने ते नाकारले. हॅरिसला ते पटले आणि मंडळाची दिशा बदलू लागली.

मंडळाने अंगीकारलेले पहिले मोठे सार्वजनिक काम म्हणजे शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधविणे. सेवा-मंडळांच्या इतिहासात या कामास जे स्थान मिळावयास हवे ते मिळालेले नाही असे आम्हांस वाटते, कारण पुढील शतकभराचे सर्व गुणदोष त्यात बीजरूपाने दिसतात. मागणी क्षुल्लक, पण निकडीची होती. तिला विरोध झाला तो मद्य बनविणाऱ्यांच्या संघटनेकडून आणि मोठमोठ्या दुकानदारांकडून. पुरुषांची सोय आमच्या मद्यगृहांत आणि स्त्रियांची आमच्या दुकानांत होतेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थात त्या सोयीसाठी आत पाऊल टाकणाऱ्याने काहीतरी विकत घ्यावे ही अपेक्षा त्यामागे होतीच. मंडळाने हे स्वच्छतागृह स्वतः बांधिले नाही. अनेक संस्थांना एकत्र आणून त्याने नगरशासनाच्या मागे लकडा लावला. म्हणजे पहिल्याच उपक्रमात मंडळाची भूमिका दात्याची नसून मागणी करणाऱ्या नागरिकाची होती. पुढे ही भूमिका मागे पडली आणि देणगीदाराची भूमिका पुढे आली.

त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. या दोन घटनांत परस्परसंबंध काहीही नाही. तथापि तुलनेस त्या फार उपयुक्त आहेत. गोखल्यांच्या संस्थेत प्रवेश म्हणजे व्रतग्रहण होते. सेवकाने निर्वाहापुरते वेतन घ्यावयाचे आणि उरलेले आयुष्य देशकार्यास द्यावयाचे. शिकागोच्या मंडळात सदस्याने आपला धंदा सोडणे तर दूरच, त्याचा धंदा हाच त्याच्या प्रवेशाचा आधार होता. एकीकडे थोड्यांचे संपूर्ण आयुष्य आणि दुसरीकडे पुष्कळांचा फावला वेळ, असे हे दोन मार्ग आहेत. मराठी समाजास सेवा म्हटले की पहिल्या मार्गाचे स्मरण होते. म्हणूनच दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या, उत्तम कपडे घालून सभांना जाणाऱ्या मंडळींविषयी त्याच्या मनात किंचित अविश्वास आणि किंचित थट्टा राहत आलेली आहे.

रोटरीच्या पाठोपाठ १९१५ मध्ये डेट्रॉइट येथे किवानिस आणि १९१७ मध्ये शिकागोच्याच मेल्विन जोन्स या विमा-व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स ही संघटना उदयास आली. सदस्यांचा आर्थिक लाभ हे कोणत्याही मंडळाचे उद्दिष्ट असणार नाही, असे लायन्सने आरंभीच नियमात घातले. १९२५ मध्ये ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांच्या कार्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून नेत्रसेवा हा लायन्सचा जणू कुलाचार झाला. १९३० मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील लायन्स मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध गृहस्थास काळी काठी घेऊन रहदारीचा रस्ता ओलांडण्याची खटपट करताना पाहिले. मोटारचालकांना ती काठी दिसतच नव्हती. मंडळाने काठ्या पांढऱ्या रंगवून वाटल्या. एवढ्यावर न थांबता, पांढरी काठीधारकास रस्त्यावर अग्रहक्क देणारा नियम त्याच वर्षी नगरसभेकडून संमत करविला. काठीचा रंग बदलण्यास जवळजवळ काहीच खर्च नव्हता; नियम नसता तर मात्र त्या रंगालाही काही अर्थ उरला नसता.

हिंदुस्थानात रोटरी कलकत्त्यास १९१९–२० मध्ये आणि मुंबईस १९२९ मध्ये आली. लायन्सचे पहिले मंडळ १९५६ मध्ये मुंबईत निघाले. स्वातंत्र्यपूर्व काळात ही मंडळे बंदरांच्या व मोठ्या शहरांच्या पलीकडे फारशी गेली नाहीत. तालुक्याच्या गावी ती पोहोचली ती नंतर. जेथे साखर कारखाना उभा राहिला, महाविद्यालय निघाले, बँकेची शाखा आली आणि दोन-चार डॉक्टरांनी दवाखाने थाटले, तेथे मंडळास लागणारा सदस्यवर्ग तयार झाला. १९७२ मध्ये नाना चुडासमा यांनी मुंबईत जायंट्स ही संघटना स्थापिली. तिचे नाव इंग्रजी असले तरी तिचा जन्म येथला आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक लहान गावांत तिचे गट आहेत.

लहान गाव आणि सेवा-मंडळ यांच्या संबंधाचा विचार करताना अमेरिकेतील आणखी एका संस्थेकडे पाहणे अवश्य आहे. मराठीत तिचे नाव फारसे ऐकू येत नाही. व्हर्जिनिया राज्यातील हॉलंड या भुईमुगाच्या प्रदेशातील खेड्यात मे १९२८ मध्ये रुरिटन नावाचे मंडळ निघाले. आयव्हर गावचे टॉम डाउनिंग आणि हॉलंडचे जॅक ग्वॉल्टनी यांनी शेतकरी आणि गावातील व्यावसायिक यांना एका पंगतीस बसवावे या हेतूने ते काढले. नाव सुचविले ते डेझी नर्नी या वार्ताहर महिलेने. खेडे आणि लहान गाव या दोन्ही अर्थांच्या लॅटिन शब्दखंडांची ती जोडणी आहे. या संस्थेने एक तत्त्व पाळले : मध्यवर्ती कचेरीने ठरविलेला कोणताही सर्वसामान्य कार्यक्रम घटक-मंडळांवर लादावयाचा नाही. प्रत्येक मंडळाने आपल्या गावाची गरज पाहावी आणि तिला अनुसरून उद्दिष्टे ठरवावी. त्यामुळे एका गावी मंडळ अग्निशामक दलास मदत करते, दुसऱ्या गावी क्रीडांगण सांभाळते, तिसऱ्या गावी एखाद्या वृद्धेच्या दारापाशी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधून देते. गावोगावच्या कार्यक्रमांत असे वैचित्र्य असणे हे, आमच्या मते, अशा मंडळाच्या जिवंतपणाचे पहिले लक्षण होय.

अमेरिकन लहान गावातील मंडळाच्या पैशाचा मार्ग पाहिल्यास आपणांस थोडे आश्चर्य वाटेल. तो स्वयंपाकघरातून जातो. शनिवारी सकाळी अग्निशामक दलाच्या किंवा शाळेच्या दालनात मंडळाचे सदस्य अंगावर एप्रन चढवून पॅनकेक, म्हणजे आपल्या घावनासारखा पण जाड आणि गोडसर पदार्थ, भाजतात आणि तिकीट लावून गावाला खाऊ घालतात. समुद्र अथवा नदी जवळ असेल तेथे तळलेल्या माशांचे जेवण असते. लायन्स मंडळांनी घरोघर केरसुण्या आणि विजेचे दिवे विकून निधी जमविल्याची परंपरा तर प्रसिद्धच आहे. या व्यवहाराचे अर्थशास्त्र सोपे आहे : पीठ आणि अंडी स्वस्त, जागा फुकट, श्रम फुकट, म्हणून तिकिटाच्या रकमेचा मोठा भाग शिल्लक उरतो. परंतु अर्थशास्त्राहून महत्त्वाची गोष्ट अशी की बँकेचा व्यवस्थापक आपल्या खातेदाराच्या ताटात पॅनकेक वाढतो आणि सारे गाव ते पाहते. आपल्याकडील महाप्रसादात अन्न विनामूल्य असते आणि पुण्य दात्याला लागते. येथे अन्न विकत असते आणि खाणारा प्रत्येक जण थोडासा दाता होतो. दोन्ही प्रथांत गाव एकत्र जेवते, पण त्यांच्या मागची कल्पना भिन्न आहे.

लायन्सच्या व्यवस्थेत याला जोडून हिशेबाचा एक कडक दंडक आहे. लोकांकडून जमविलेला पैसा एका खात्यात आणि सदस्यांच्या वर्गणीचा पैसा दुसऱ्या खात्यात ठेवावयाचा; पहिल्यातील पैसा मंडळाच्या स्वतःच्या खर्चासाठी वापरावयाचा नाही. सभेचे जेवण, पदकांचा खर्च, पाहुण्यांचे हारतुरे हे सर्व वर्गणीतून. हा नियम वरवर पाहता कारकुनी वाटतो. पण ज्या गावात लोक एकमेकांच्या उत्पन्नाचा अंदाज बिनचूक बांधतात, तेथे मंडळाची पत याच एका नियमावर उभी असते.

महाराष्ट्रात निधिसंकलनाचे रूढ साधन निराळे आहे, ते म्हणजे स्मरणिका. नाटकाचा मदतीचा प्रयोग किंवा वर्धापनदिन यांच्या निमित्ताने ती काढतात. तीत अध्यक्षांचे मनोगत, सचिवांचा अहवाल आणि बाकी सर्व जाहिराती. जाहिरातदार कोण हे पाहिले तर बहुधा सदस्य स्वतः, त्यांना माल पुरविणारे घाऊक व्यापारी आणि ‘एक हितचिंतक’. दुकानदार ही रक्कम जाहिरातखाती टाकतो, देणगीखाती नव्हे. त्यामुळे त्याला हात आखडता घ्यावा लागत नाही. स्मरणिका वाचली जात नाही ही तक्रार खरी आहे, परंतु संशोधकाने ती अवश्य वाचावी. गावातील व्यापारी संबंधांचा इतका स्पष्ट नकाशा अन्यत्र क्वचितच मिळतो.

आता कार्यवर्षाकडे वळू. रोटरी आणि लायन्स या दोहोंचे वर्ष १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपते, आणि बहुतेक मंडळांत अध्यक्ष दरवर्षी बदलतो. या प्रथेचे गुण उघड आहेत : सत्ता एका हाती साचत नाही, आणि भिडस्त मनुष्यासही एकदा पुढे यावे लागते. पण हे वर्ष ज्या देशात ठरले तेथील ऋतुमान आपले नव्हे. आपल्याकडे पदग्रहण समारंभ ऐन पावसाळ्यात येतो. साहजिकच नव्या अध्यक्षाचा पहिला उपक्रम म्हणजे वृक्षारोपण, आणि दुसरा म्हणजे नुकत्याच उघडलेल्या शाळांतून वह्यावाटप. जुलैमध्ये लावलेल्या रोपाला खरी गरज असते ती फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पाण्याची. नेमक्या त्याच महिन्यांत अध्यक्षांची मुदत संपत येते, त्यांचे लक्ष वार्षिक अहवालाकडे आणि परिषदेतील पारितोषिकांकडे लागते, आणि येणारा अध्यक्ष आपल्या वृक्षारोपणासाठी तोच खड्डा पुन्हा वापरतो. ही थट्टा नव्हे. एक वर्षाच्या कारकिर्दीत बसणारे काम आणि न बसणारे काम यांतील फरक या एका उदाहरणावरून समजतो.

रक्तदान शिबिरांची गोष्ट याच जातीची आहे. साठविलेल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारणतः ३५ ते ४२ दिवस टिकतात, आणि रक्तबिंबिका तर अवघे पाच दिवस. म्हणून रक्तपेढीला एका दिवशी शेकडो पिशव्यांपेक्षा दर आठवड्यास थोड्या पिशव्या मिळणे अधिक उपयोगाचे असते. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, दिवाळीत लोक गावोगाव गेलेले असतात, आणि तुटवडा तेव्हाच पडतो. शिबिरे मात्र स्वातंत्र्यदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि वर्धापनदिन यांभोवती गर्दी करतात. ज्या मंडळाने रक्तपेढीला विचारून तारीख ठरविली त्याने निम्मे काम केले असे समजण्यास हरकत नाही. दात्यांची नावे व रक्तगट लिहिलेली वही ठेवून मध्यरात्रीच्या निरोपावर माणूस पाठविणारा सदस्य हा तर शिबिराहूनही मोलाचा. पण त्याचे छायाचित्र निघत नाही.

या सर्व उपक्रमांत लहान गावाशी अत्यंत निगडित असा उपक्रम म्हणजे नेत्रशिबिर. त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. शिबिराची पद्धत मंडळांनी शोधून काढलेली नाही. पंजाबात मोगा येथील डॉ. मथुरादास आणि कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी ती रूढ केली. मोतीबिंदूचे कारण बहुधा वार्धक्य, शस्त्रक्रिया अल्पावधीची, परिणाम डोळ्यांदेखतचा, आणि रुग्ण शहराच्या रुग्णालयापर्यंत पोहोचू न शकणारा. या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे डॉक्टरांनीच गावाकडे जावे हा विचार सुचणे स्वाभाविक होते. डॉक्टरांनी आपले हात आणावयाचे आणि बाकी सारे गावाने उभे करावयाचे, अशी ही वाटणी. हे ‘बाकी सारे’ म्हणजेच सेवा-मंडळ होय. सुगी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत तारीख धरावयाची; बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवावयाची; शाळा किंवा धर्मशाळा मिळवावयाची; सतरंज्या, घोंगड्या, पाण्याचे पिंप, जनित्र यांची जुळवाजुळव करावयाची; रुग्णासोबत आलेल्या मुलाची अथवा सुनेची राहण्याजेवण्याची व्यवस्था लावावयाची; आणि डोळ्यावर पट्टी असलेल्या वृद्धास रात्री हात धरून बाहेर न्यावयाचे. गावातील किराणा व्यापाऱ्याने धान्य दिले, कापडवाल्याने चादरी दिल्या, शिक्षकाने नोंदवही सांभाळली. एका धंद्याचा एक सदस्य हा जुना नियम येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडला.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची सोय सर्वत्र होण्यापूर्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्णास जाड काचांचा चष्मा लागे. तो दिला नाही, किंवा दिलेला फुटला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही मनुष्य जवळजवळ पूर्ववत अंधच राही. म्हणून शिबिराचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या संख्येने करणे मुळातच चूक होते. काही आठवड्यांनी रुग्ण पुन्हा तपासला गेला काय, त्याला चष्मा मिळाला काय, तो शेताच्या बांधावरून एकटा चालू लागला काय, हे खरे प्रश्न. अहवालांत मात्र पहिल्या दिवसाचा आकडा ठळक असे.

एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे स्थानिक लायन्स मंडळाने भरविलेल्या शिबिरात जे घडले त्याने या उपक्रमाची दुसरी बाजू उघड केली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ८८ रुग्णांपैकी ८४ जणांचा तो डोळा कायमचा निकामी झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा धुण्यासाठी वापरलेले क्षारद्रावण दूषित असल्याचे निदान पुढे आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, आणि १९८९ च्या निर्णयात न्यायालयाने पूर्वी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज प्रत्येक रुग्णास १२,५०० रुपये राज्य सरकारने द्यावेत असा आदेश दिला. मंडळाचा हेतू वाईट होता असे कोणी म्हटले नाही, आणि शस्त्रक्रिया करणारे वैद्य शासकीय सेवेतील अनुभवी गृहस्थ होते. प्रश्न हेतूचा नव्हताच. ज्यास नाही म्हणण्याची ऐपत नाही अशा माणसाला फुकट मिळणाऱ्या सेवेचा दर्जा कोणी पाहावयाचा, हा प्रश्न होता. रुग्णालयात निर्जंतुकीकरणाची जबाबदारी ठराविक व्यक्तीवर असते. शाळेच्या वर्गखोलीत ती डॉक्टर, मंडळ आणि शासन या तिघांच्या मधल्या फटीत पडली.

अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झालेला होता. पुढे त्याचे धोरण असे ठरत गेले की तात्पुरत्या जागी शस्त्रक्रिया करू नये; गावात केवळ तपासणी करावी आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना सुसज्ज रुग्णालयात न्यावे. या बदलाने मंडळाच्या कामाचे बाह्य रूप फिके पडले. मांडव, ध्वनिक्षेपक आणि उद्घाटन यांच्या जागी एक वाहन, एक यादी आणि रुग्णांना नेऊन परत आणणारा एक सदस्य एवढेच उरले. काही जुन्या सदस्यांना यात मंडळाचा संकोच झाल्यासारखे वाटले. आमच्या मते मंडळाचे योग्य क्षेत्र येथेच निश्चित झाले. वैद्यकीय कौशल्य मंडळापाशी नाही आणि असण्याचे कारणही नाही. पण कोणत्या वाडीत कोणती म्हातारी आता भिंत चाचपत चालते, तिचा मुलगा कोणत्या मोसमात ऊसतोडीला जातो, आणि कोणाच्या शब्दाने ती मोटारीत बसेल, ही माहिती जिल्ह्याच्या रुग्णालयापाशी नसते. ती गावातच असते.

पोलिओ-निर्मूलनातही हाच विभाग दिसतो. १९८५ मध्ये रोटरीने या कार्यासाठी १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला आणि १९८८ पर्यंत प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली. भारतात १९९५ पासून राष्ट्रव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण नोंदले गेले होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लस, शीतसाखळी आणि लक्षावधी कर्मचारी ही शासनाची कामगिरी होती. गावच्या मंडळाचा वाटा लहान होता : मोटार देणे, केंद्रावर मंडप घालणे, कर्मचाऱ्यांना न्याहारी पोहोचविणे, आणि दार न उघडणाऱ्या घरी ओळखीचा माणूस घेऊन जाणे. एरवी पारितोषिकासाठी स्वतंत्र उपक्रम शोधणाऱ्या मंडळांनी येथे दुसऱ्याच्या कामात दुय्यम जागा पत्करली, हे विशेष.

मंडळ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले आहे. सिंक्लेअर लुइस या कादंबरीकाराने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बॅबिट’ या कादंबरीत अशा मंडळांच्या टाळ्यांची आणि आत्मसंतुष्टतेची जी टवाळी केली आहे, तिच्यातील व्यंग आजही पुष्कळांना लागू पडेल. परंतु त्याहून गंभीर आक्षेप रचनेचाच आहे. प्रवेश निमंत्रणाने मिळतो. वर्गणी, सभा आणि दौरे यांचा खर्च असतो. एका धंद्याचा एक हा नियम, जो पुढे बराच सैल झाला, वरवर पाहता निःपक्षपाती आहे. तथापि त्या यादीत सराफ, सनदी लेखापाल, औषधविक्रेता आणि अडत्या असतात. मापाडी, हमाल आणि शेतमजूर यांचेही धंदे आहेत हे यादी करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या गावात धंदा आणि जात यांची सांगड अद्याप पुरती सुटलेली नाही, तेथे अशी निवड जातीचा उच्चार न करताही जातीचा परिणाम घडवू शकते. ज्यांच्यासाठी सेवा करावयाची ते मंडळाच्या बैठकीत नसतात, आणि म्हणून त्यांची गरज काय हे इतरांनीच ठरवावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न उघड स्वरूपात लढला गेला, आणि तोही एका लहान गावाकडून. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे येथील रोटरी मंडळाची सदस्यसंख्या रोडावली, तेव्हा त्याने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतले. मध्यवर्ती संस्थेने १९७८ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. वाद न्यायालयात गेला, आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की स्त्रियांना प्रवेश देण्यास भाग पाडल्याने सदस्यांच्या संघस्वातंत्र्याचा भंग होत नाही. अशी मंडळे म्हणजे घरगुती स्नेहसंमेलने नव्हेत. त्यांतील ओळखींवर धंदा आणि प्रतिष्ठा अवलंबून असते, ही जाणीव त्या निर्णयामागे होती. १९८९ मध्ये रोटरीने आपले नियम जगभर बदलले. लायन्सने १९८७ मध्येच बदलले होते. तोपर्यंत स्त्रियांसाठी होती ती १९२४ मध्ये मँचेस्टर येथे निघालेल्या इनर व्हीलसारखी, रोटरी सदस्यांच्या पत्नींची, स्वतंत्र मंडळे. महाराष्ट्रातील लहान गावांत ती आजही कार्यरत आहेत आणि काही ठिकाणी मूळ मंडळाहून अधिक नियमितपणे भरतात. २०२२–२३ मध्ये जेनिफर जोन्स या रोटरीच्या पहिल्या महिला जागतिक अध्यक्षा झाल्या.

अमेरिकेत अशा मंडळांचे सदस्यत्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटत गेले. रॉबर्ट पटनम यांनी २००० मधील आपल्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. दूरचित्रवाणी, लांबचा प्रवास, पिढीबदल अशी कारणे त्यांनी दिली. लहान गावात त्यांत एका साध्या कारणाची भर घालावी लागते : पूर्वी दुकानाचा मालक गावातच राहत असे, साखळी-दुकानाचा नोकर-व्यवस्थापक दोन वर्षांनी बदलून जातो. आपल्याकडे संख्या घटली असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र साप्ताहिक उपस्थितीचा जुना कडक आग्रह, चुकलेली सभा दुसऱ्या गावच्या मंडळात हजर राहून भरून काढण्याची प्रथा, ही शिथिल झाली आहे. रोटरीने तर २०१६ मध्ये महिन्यातून दोन सभांची मुभा नियमानेच दिली.

या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मंडळाच्या वार्षिक अहवालापासून आरंभ करू नये. त्यात प्रत्येक उपक्रम यशस्वी झालेला असतो. सभांची इतिवृत्ते पाहावीत. ती बहुधा माजी सचिवांच्या घरी कपाटात असतात आणि मागितल्यास मिळतात. अध्यक्ष बदलल्यावर आदल्या वर्षाच्या किती उपक्रमांचा इतिवृत्तात पुन्हा उल्लेख येतो, एवढे मोजले तरी बरेच कळेल. मंडळाने रुग्णवाहिका, रक्तपेढी किंवा नेत्ररुग्णालय असे कायमचे काम उभारले असेल, तर त्यासाठी बहुधा निराळा न्यास केलेला असतो. मूळच्या १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली त्याचे हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. अध्यक्ष वर्षाने बदलतो, विश्वस्त मात्र बदलत नाहीत, आणि सत्तेचा प्रश्न तेथे नव्या स्वरूपात उभा राहतो. अखेरीस गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, ज्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत शिबिरे झाली तेथील घरांत, मंडळाचे नाव न घेता एकच प्रश्न विचारावा : तुमच्याकडे तपासायला आलेली माणसे पुन्हा केव्हा आली? मिळालेली उत्तरे इतिवृत्तातील तारखांशी ताडून पाहता येतात.